भरताची आगाऊ बातमी

घडून गेलेल्या गोष्टीची बातमी कुणीही देईल. न घडलेल्या गोष्टीची बातमी आधी छापायची आणि मग ती गोष्ट छापल्याबरहुकूम घडावी म्हणून जळगावभर धावाधाव करायची, याला अंगात वेगळं पाणी लागतं. ते माझ्या अंगात आहे, असं मला एकोणीसशे सेहेचाळीस सालच्या कार्तिक महिन्यात आढळून आलं. तेव्हा मी इंटरला होतो आणि आमच्या कॉलेजच्या 'छात्रदीप' या वृत्तपत्राचा प्रमुख बातमीदार होतो. दुय्यम बातमीदार कुणी नव्हता, पण म्हणून पदाचा मोठेपणा काही कमी होत नाही.

कॉलेज नुकतंच निघालेलं. वर्गखोल्या कमी आणि उत्साह फार, अशी स्थिती. 'छात्रदीप'चा संपादक झुलाल होता. हा यावलकडचा, घरची मोठी शेती, आणि लिहायला बसला की एका ओळीत दमणारा. तो संपादक कसा झाला असं कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर सोपं होतं. कॉलेजच्या पहिल्या स्नेहसंमेलनाला भरताची पंगत ठरली होती आणि वांगी झुलालच्या शेतातून यायची होती. दोन गाड्या वांगी फुकट देणाऱ्या मुलाला निवडणुकीत कोण पाडणार? मी तत्त्वाचा माणूस, मी उभा राहिलो आणि मला दोन मतं पडली. त्यातलं एक झुलालचं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं आणि मला फार वाईट वाटलं.

आता मी या अंकासाठी एवढा जीव का टाकत होतो, ते सांगतो. मी मूळचा धुळ्याचा. वडील, रुपचंदनाना, तिथल्या पोस्टात. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर हाताळल्यामुळे लिहिणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत वाईट झालेलं. मी जिनिंग फॅक्टरीत कारकून व्हावं, कापसाच्या गासड्यांवर नंबर टाकावेत आणि दोन वेळा सुखाने जेवावं, अशी त्यांची इच्छा. मला व्हायचं होतं पत्रकार. आमच्याच चौथ्या गल्लीत सुकदेव आबा राहत. ते 'पांझराकाठ' नावाचं साप्ताहिक काढत, आणि तीस वर्षांत त्यात एक खोटा शब्द छापला नाही अशी त्यांची ख्याती होती. नाना त्यांच्याकडे माझी तक्रार घेऊन गेले, तर आबांनी उलटाच सौदा केला. ते म्हणाले, "जळगावच्या संमेलनाला मला पाहुणा म्हणून बोलावलंय. पोराचा अंक तिथे बघतो. बरा असला तर परीक्षा झाली की पोरगा माझा. नाही तर तुझ्या जिनिंगचा."

म्हणजे एक अंक, एक माणूस आणि माझा अख्खा जन्म. नानांनी हे सगळं मला एका पोस्टकार्डावर कळवलं आणि शेवटी लिहिलं की जिनिंगच्या मॅनेजरशी बोलून ठेवलं आहे.

अशा वेळी झुलालच्या डोक्यात कल्पना निघाली. तो म्हणाला, पाहुणे गाडीत बसायला निघाले, की त्यांच्या हातात त्याच संमेलनाचा छापील वृत्तान्त ठेवायचा. हार घातला, भाषण झालं, पंगत उठली, आणि अंक हजर. मुंबईच्या दैनिकांनाही हे जमत नाही. मी त्याला मिठी मारली. एका ओळीत दमणाऱ्या माणसालाही कधी कधी मोठं सुचतं.

मग आम्ही नूर महंमदभाईंच्या छापखान्यात गेलो. नूर महंमदभाई हा अत्यंत सज्जन मनुष्य. त्यांच्याकडे पायाने चालवायचं एक यंत्र होतं आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्या होत्या, पण खिळे इतकेच, की एका पानाचा मजकूर जुळवून छापला की तो सोडायचा, खिळे परत आपापल्या घरात टाकायचे आणि मग दुसरं पान जुळवायचं. त्यातून तुळशीचं लग्न लागून गेलेलं, म्हणजे माणसांच्या लग्नांच्या पत्रिका सुरू. त्यांनी आमची कल्पना शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "शनिवारी समारंभ ना? मजकूर मंगळवारी द्या. बुधवारनंतर माझ्याकडे अठरा लग्नं आहेत."

मी म्हटलं, भाई, शनिवारी काय होणार ते मंगळवारी कसं लिहायचं? ते म्हणाले की पत्रिकेतसुद्धा लग्न लागण्याआधीच मुहूर्त छापतात, आजवर कुणाची तक्रार आली नाही.  

तेव्हा मंगळवारच्या आत शनिवारचा वृत्तान्त लिहायला मी बसलो. मी ताईबाईंच्या घरी एक खोली घेऊन राहत होतो. ताईबाई विधवा, एकट्या, आणि मायेने दोन्ही वेळा मला जेवू घालणाऱ्या. मी वृत्तान्त लिहितोय असं कळल्यावर गल्लीतून सल्ले यायला लागले. समोरचे भाईदासशेठ एका सराफाच्या पेढीवर हिशेबनीस. त्यांचं म्हणणं, पाहुण्याचं भाषण निदान सव्वा तासाचं लिही. आखूड लिहिलं तर पाहुणे मनात धरतात. शिवाय पहिल्या पानावर सोन्याचा भाव टाक, म्हणजे काही तरी वाचण्यासारखं होईल. शेजारच्या बेबाबाईंनी आपल्या पुतण्याचं नाव हजर असलेल्यांत घालायला सांगितलं. पुतण्या भुसावळला रेल्वेत होता, तो येणार नव्हता. मी म्हटलं, मग कसं घालू? त्या म्हणाल्या, तो येणार नाही हे जसं तुला आज माहीत आहे, तसं बाकीचे येणार हे तुला आज कुठे माहीत आहे? या बाईंना कॉलेजात का घातलं नाही कुणी, असं मला वाटून गेलं. मी पुतण्याचं नाव घातलं.

ताईबाईंचा सल्ला मात्र मला पटला. माझ्या ताटात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "भाषणाचं कोन वाचते रे बाबा? जेवनाचं लिही. कोनी काय खाल्लं ते लिही. लोक तेच वाचतात."

त्या दिवशी ताटात मसाल्याची वांगी होती. मी दोनदा घेतली. ताईबाईंनी स्वतः वरणाशी भाकरी खाल्ली. आषाढापासून मी त्यांच्याकडे जेवत होतो आणि इतक्या महिन्यांत त्यांनी एकदाही वांगं तोंडात घातलेलं नव्हतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. त्यांना वांगं आवडत नसेल, असा मी निष्कर्ष काढला होता. प्रमुख बातमीदार होतो ना मी!

वृत्तान्त झकास उतरला. हवामान आल्हाददायक. डोक्याला लाल पागोटं घातलेल्या सुकदेव आबांचं आगमन. पागोट्याचं मला खात्रीने माहीत होतं, कारण त्यांच्या कचेरीतल्या फोटोत ते आहे. भाषण सव्वा तास, टाळ्या तीन वेळा. भाषणातले विचार मी 'पांझराकाठ'च्या जुन्या अग्रलेखांतून घेतले, म्हणजे तिथेही चूक व्हायला जागा नाही. 'पत्रकाराने डोळे उघडे ठेवावेत' हे वाक्य मी ठळक टायपात घ्यायला सांगितलं. आणि शेवटी ताईबाईंचा मान राखून लिहिलं: 'पंगतीत श्री. सुकदेव आबा यांनी वांग्याचे भरीत तीन वेळा मागून घेतले व हा खानदेशच्या मातीचा प्रसाद सोडवत नाही, असे उद्गार काढले.' तीन हा आकडा मी विचार करून घातला. दोनदा म्हणजे भिडेखातर झालं असतं आणि चारदा म्हणजे पाहुण्यांची अब्रू गेली असती.

शुक्रवारी दोनशे अंक छापून आले. चारी बाजूंना वेलबुट्टी होती, वर गणपती होता आणि तळाशी बारीक अक्षरात 'लहानथोर मंडळींसह अगत्य येण्याचे करावे' असंही राहून गेलं होतं. आधीच्या लग्नाची चौकट सोडायला वेळ मिळाला नाही, असं नूर महंमदभाई म्हणाले. पण शुभच आहे ना, असंही म्हणाले. झुलालने अंक एका वर्गात नेऊन कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधावी तशी करदोट्याला बांधली.

शनिवार उजाडला. चाळीसगावकडून येणारी गाडी वेळेवर आली, आबा डब्यातून उतरले. त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती.

तुम्ही म्हणाल, टोपी तर टोपी. पण दोनशे अंकांत लाल पागोटं छापून बसलं होतं आणि बातमी खोटी ठरण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. मी झुलालला पाहुण्यांबरोबर टांग्यात बसवलं आणि धावत घरी गेलो. ताईबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या यजमानांचं लाल पागोटं होतं. कडुनिंबाचा पाला घालून वीस वर्षं जपलेलं. मी ते मागितलं. मग ट्रंक उघडून त्यांनी ते बाहेर काढलं, पदराने झटकलं आणि म्हणाल्या की मोठ्या माणसाच्या डोक्यावर बसतंय तर बसू दे, त्यांनाही बरं वाटेल. मी ते घेऊन तसाच कॉलेजकडे धावलो. प्राचार्यसाहेबांनी संमेलनाच्या सुरुवातीला 'महाविद्यालयाच्या वतीने' ते पागोटं आबांच्या डोक्यावर ठेवलं. आबांना दोन शिंका आल्या आणि बातमी खरी झाली.

एक खरी झाली म्हटल्यावर मला चेव आला. टाळ्यांसाठी मी तीन ठिकाणी मुलं बसवून ठेवली होती. पण भाषणाच्या आधी गाण्यांचा कार्यक्रम चालू असताना आबा उठले. म्हणाले, घसा जरा बसल्यासारखा वाटतोय, मागे चूल पेटलीय तिथे शेकून येतो. मागच्या मोकळ्या जागेत पुना भरीत करत होता. हा आसोद्याकडचा नामांकित माणूस, दिवसाकाठी चार शब्द बोलणारा. गेल्या सालच्या कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून त्यावर त्याने वांगी भाजली होती आणि लाकडी काठवटीत तो ती ठेचत होता. त्या धुराचा, लसणाचा, हिरव्या मिरचीचा वास मांडवात येत होता. मीसुद्धा एकदा आवंढा गिळला.

अर्ध्या तासाने आबा परत आले. शेकल्याने त्यांना आराम पडलेला दिसला नाही. डोळे लाल, नाकाला रुमाल, मिशा पुसून पुसून ओल्या. भाषणाला उभे राहिले तर ठसका लागला. पाणी प्याले, पुन्हा ठसका. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ते कसेबसे म्हणाले, "मुलांनो, पत्रकाराने डोळे उघडे ठेवावेत," आणि स्वतःचे डोळे मिटून घेतले. मग हात जोडून खाली बसले. सगळं मिळून चार मिनिटं. देशाच्या विचाराने आबांना गहिवरून आलं असं सर्वांना वाटलं, प्राचार्यसाहेबांनीही डोळे टिपले. माझ्या टाळ्यावाल्या मुलांनी तिन्ही टाळ्या ठसक्यांवर वाजवल्या.

सव्वा तासाची चार मिनिटं झाली, तरी मी धीर सोडला नाही. तुमचं भाषण फार लांबलं असं छापलं तर कुठल्याही वक्त्याला राग येत नाही, हे भाईदासशेठ सांगूनच गेले होते. आता पंगत तेवढी राहिली होती.

पानं मांडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली, आणि भरताचं भलं मोठं पातेलं घेऊन मी स्वतः वाढायला निघालो. आबांच्या पानापुढे वाकलो. आबांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"मला नको रे. माझा नेम आहे," ते म्हणाले. "चंपाषष्ठीला अजून आठ दिवस आहेत. षष्ठीला खंडोबाला भरताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरात वांग्याला शिवत नाहीत. तीस वर्षांत मोडलेलं नाही."

पातेलं माझ्या हातातून पडलं नाही, एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू. चातुर्मासात वांगं सोडायचं आणि चंपाषष्ठीला धरायचं, हे खानदेशातलं शेंबडं पोरही जाणतं. ताईबाईंची वरण-भाकरी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. आषाढापासून ती बातमी माझ्यासमोर रोज ताटात वाढली जात होती. झुलालला मी खुणेनेच बाजूला ओढलं आणि विचारलं, तुला माहीत नव्हतं? तो म्हणाला, "आमच्याकडे वावरात वांगी लगडेल असतात. नेम धरला तर तोडीन कोन?"

मी आबांना आग्रह करून पाहिला. प्रसाद म्हणून बोटभर घ्या म्हटलं. आबांनी मान हलवली आणि दही-पुरी खाल्ली, तीही एकच. भूक नाही म्हणाले. पोट भरल्याच्या चेहऱ्याने ते बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने तीस वर्षांत खोटा शब्द छापला नाही, त्याने तीस वर्षांचा नेम माझ्या कॉलेजात तीन वेळा मागून मोडला, असं दोनशे अंकांत छापून मी तेच त्याच्या हातात देणार होतो. अंक न द्यावा तर माझं काम काय दाखवणार? जिनिंगच्या गासड्या मला दिसायला लागल्या.

पंगत चालू होती तेवढ्या वेळात मी आणि झुलाल वर्गात शिरलो, कॉलेजच्या शाईची बाटली घेतली, काडीला चिंधी गुंडाळली आणि प्रत्येक अंकातल्या भरताच्या त्या दोन ओळींवर शाई फासली. शंभर त्याने, शंभर मी. हात निळेकाळे झाले, सदऱ्याची बाही गेली, पण दोन ओळी गेल्या. निघताना आबांच्या हातात अंक दिला. त्यांनी तो तिथल्या तिथे वाचला. पागोट्याच्या ओळीवर त्यांनी डोक्याला हात लावून पाहिला. सव्वा तासावर माझ्याकडे पाहिलं. काळ्या पट्ट्यावर त्यांचं बोट थांबलं. "इथे काय होतं?" त्यांनी विचारलं. छपाईचा दोष आहे, असं मी सांगितलं.  त्यांनी पागोटं काढून माझ्या हाती दिलं, अंकाची घडी घालून खिशात ठेवली आणि गाडीत बसले.

एवढ्यावर भागलं असतं. पण साल सेहेचाळीस! पोलिसांनी वर्तमानपत्रातला मजकूर पुसायला लावल्याच्या गोष्टी घराघरांत माहीत होत्या. 'छात्रदीप'मध्ये दोन ओळींवर शाई फासलेली पाहिल्यावर जळगावने ठरवूनच टाकलं, की सुकदेव आबांनी भाषणात सरकारविरुद्ध काही तरी भयंकर सांगितलं आणि ते दाबण्यात आलं. भाषण ऐकलेली तीनशे माणसं गावात होती. त्यांनाही हळूहळू आठवायला लागलं. कुणाला बॉम्ब आठवला, कुणाला शेतसारा न भरण्याची हाक आठवली. चार मिनिटांचं भाषण रविवार संध्याकाळपर्यंत खरोखरच सव्वा तासाचं झालं. आदल्या दिवशी फुकटात न खपलेले अंक लोक माझ्या खोलीवर येऊन मागायला लागले. भाईदासशेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मगन, तुझ्यात एवढी धमक असेल असं वाटलं नव्हतं. मी नम्रपणे खाली पाहिलं. काय करणार? माणसाची स्तुती इतकी कमी वेळा होते.

सोमवारी प्राचार्यसाहेबांच्या खोलीत मला आणि झुलालला बोलावणं आलं. तिथे पोलीस खात्यातले सरदार नावाचे जमादार बसले होते. बिचारे अडचणीत होते. मुंबईत नवं मंत्रिमंडळ आलेलं, तेव्हा कुणाला पकडायचं आणि कुणाला सलाम करायचा हे त्यांना कुणी नक्की सांगत नव्हतं. ते मला अहो-जाहो करत म्हणाले, की मजकूर कुणी काळा केला? कारण पोलिसांनी केलेला नाही, आणि पोलिसांनी न करता कुणी परस्पर केला तर तो गुन्हा होतो का, हे त्यांना बघायचं होतं. आम्ही दोघांनी आपापले निळेकाळे हात पाठीमागे घेतले.  मग जमादारांनी अंक उचलला आणि खिडकीशी जाऊन उन्हाकडे धरला.

छपाईची शाई तेलाची असते. दौतीची शाई पाण्याची. हे ज्ञान मला त्या क्षणी झालं आणि पुढे जन्मभर उपयोगी पडलं. उन्हात प्रत्येक अक्षर लख्ख दिसत होतं. जमादारांनी एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं: "वांग्याचे भरीत... तीन वेळा... मागून घेतले." मग त्यांनी अंक उलटून पाहिला, पुन्हा सुलटा धरला आणि प्राचार्यांना अदबीने विचारलं, "साहेब, यात राजद्रोह कुठे आहे?"

खोलीच्या दारात शिपाई उभा होता. त्यानंतर दुपारपर्यंत जळगावातला प्रत्येक माणूस खिडकीत उभा राहून 'छात्रदीप' वाचत होता. साध्या छापलेल्या ओळी कुणी वाचल्या नव्हत्या. झाकलेल्या दोन ओळी मात्र गावाला पाठ झाल्या. मंगळवारी कापसाचे व्यापारी धुळ्याला गेले आणि त्यांच्याबरोबर बातमीही गेली. बुधवारी नानांचं पोस्टकार्ड. आबांच्या पत्नी झुंबरबाई आपल्या घरी येऊन गेल्या, असं त्यांनी कळवलं होतं. 'आमच्या ह्यांनी षष्ठीआधी वांगं खाल्लं असं तुमच्या पोराने छापलं, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही,' असं म्हणून त्या ओसरीवर रडल्या. 'तरी खुलासा घेऊन येणे, पाय धरणे व बिऱ्हाड आवरून येणे. कॉलेज पुरे. जिनिंगचा मॅनेजर वाट पाहत आहे.'

मी खुलासा लिहिला. तो लिहिताना मला खरंच लाज वाटली. माझ्यापायी एका सरळ माणसाच्या नेमाला डाग लागला होता आणि एक बाई रडली होती. 'सदर मजकूर पूर्णपणे खोटा असून श्री. सुकदेव आबा यांनी पंगतीत अथवा अन्यत्र वांग्यास स्पर्शही केला नाही. त्यांचा नेम अभंग आहे. बातमीदार त्यांची हात जोडून क्षमा मागत आहे.' ट्रंक भरली. ताईबाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली आणि म्हणाल्या, "मले इचारलं असतं त सांगलं असतं." हे ऐकून मी चाळीसगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

धुळ्याला आबांच्या कचेरीत सगळी मंडळी जमली होती. आबा टेबलाशी, नाना बाकावर, झुंबरबाई आतल्या दाराशी पदर सावरून. मी आबांच्या पाया पडलो, झुंबरबाईंच्या पाया पडलो आणि खुलासा टेबलावर ठेवला. नानांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. झुंबरबाईंचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, "बस! आसंच छापा. पहिला पानवर."

आबांनी लाल पेन्सिल उचलली. खुलाशावर धरली. खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"मगन, मी वांग्याला शिवलो नाही, हे तू पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"हो आबा. पंगतीत मीच वाढत होतो."

"पंगतीत. आणि पंगतीच्या आधी?"

मला एकेक आठवायला लागलं. घसा शेकायला गेलेले आबा. अर्धा तास. पुनाची काठवट. ओल्या मिशा, लाल डोळे, हिरव्या मिरचीचा ठसका, चार मिनिटांचं भाषण, आणि पंगतीत भूक नाही म्हणणारा तो तृप्त चेहरा. सगळं मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि टाळ्या मोजत बसलो होतो.

आबांनी झुंबरबाईंकडे पाहिलं नाही. पेन्सिलीच्या टोकाकडे बघत ते म्हणाले, "हा खुलासा मला छापता येणार नाही. तीस वर्षांत मी खोटं छापलेलं नाही."

 नानांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आबांनी माझा खुलासा बाजूला सारला. खिशातून 'छात्रदीप' काढला, उठून खिडकीशी गेले, उन्हाकडे धरून त्या दोन ओळी शोधल्या आणि समासात पेन्सिलीने एक दुरुस्ती केली. मग अंक माझ्या हातात दिला.

"बातमीमा चूक शे," ते खालच्या आवाजात म्हणाले. घरच्या बोलीत बोलायचे ते जिवावर आलं म्हणजेच. "तीनदा नही. चारदा. ते उद्गार मात्र तुझ्या पदरचे, ते काढ. मी काहीच बोललो नव्हतो, तोंड रिकामं नव्हतं. पुनाला विचारलं असतंस तर तेवढं तरी त्याने सांगितलं असतं. आता हे नीट लिहून काढ आणि कंपोझला दे. परीक्षा झाली की कायमचा ये."

नाना बाकावरून उठून पोस्टात निघून गेले. जिनिंगच्या मॅनेजरला त्यांनीच कळवलं असावं, कारण पुढे त्या विषयाचं पोस्टकार्ड आलं नाही. ती बातमी त्या आठवड्याच्या 'पांझराकाठ'मध्ये तिसऱ्या पानावर आली, चार ओळींत. खाली माझं नाव नव्हतं, पण ती मी लिहिलेली पहिली खरी बातमी.  झुंबरबाई त्या दिवशी कचेरीतून आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

चंपाषष्ठीला मी अजून धुळ्यातच होतो. आबांकडून मला आणि नानांना जेवणाचं बोलावणं आलं. खंडोबाला नैवेद्य दाखवला, तळी भरली, पानं मांडली. झुंबरबाईंनी नानांच्या पानात भरीत वाढलं, माझ्या पानात वाढलं, भलं डावभर. आबांच्या पानाशी आल्या आणि दुधीची भाजी वाढून पुढे निघाल्या.

आबा म्हणाले, "आणि भरीत?"

"तुमनं खाई झायं," झुंबरबाई म्हणाल्या. "पेपरमा छापेल शे."

आबांनी दुधीचा घास घेतला.  मी या वेळी डोळे चांगले उघडे ठेवून बसलो होतो. थोड्या वेळाने झुंबरबाई पाणी आणायला आत गेल्या, आणि आबांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्या पानाकडे पाहिलं. पुढे जे झालं ते मी पाहिलं आहे, मोजलंही आहे. त्याची बातमी मात्र मी आजपर्यंत कुठे दिलेली नाही.